पाण्याची नावं तिरपी

आमच्या घरात एक नियम होता: जमिनीची नावं उभी, पाण्याची तिरपी. नियम बाबांच्या टेबलावरचा. बाबा मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत ड्राफ्ट्समन होते. नकाशात गाव, टेकडी, रस्ता, खाणीची पायरी आली की नाव ताठ अक्षरात लिहायचं. नदी, नाला, तलाव, बंधारा आला की अक्षर उजवीकडे कलतं करायचं. सहा-सात वर्षांची असताना मी विचारलं होतं, असं का? बाबा मान वर न करता म्हणाले, "पाणी वाहतं ना. ते उभं कसं राहील?" पुढे कळलं की नकाशे काढणाऱ्यांची ही जगभरची जुनी रीत आहे, बाबांनी काही ती शोधलेली नाही. मला मात्र अजून बाबांचंच कारण पटतं.

बालाघाटहून बैहरकडे घाट चढत, सालाच्या जंगलातून मलाजखंडला यावं लागतं. जंगल संपल्यासारखं वाटतं आणि समोर जमिनीला पायऱ्यापायऱ्यांचा एक अवाढव्य खड्डा दिसतो. हिंदुस्तान कॉपर ही सरकारी कंपनी १९६७ सालची आणि मलाजखंडचा प्रकल्प १९८२चा. उघड्या खाणींत देशातली तांब्याची सगळ्यात मोठी खाण हीच. काठावरून खालचे डंपर काडेपेटीएवढे दिसत. गंमत अशी की तांब्याच्या गावात तांबं दिसायचं नाही. दगड राखाडी, मधेच पितळी चमक. शंभर किलो दगडात तांबं जेमतेम किलोभर. तो दगड दळायचा, पाण्यात फेसावर तरंगवून त्यातली तांब्याची भुकटी वेगळी काढायची आणि ती वितळवायला दूर पाठवून द्यायची. आम्हा पोरांना तांबं बघायचं तर देवघरातली पळी आणि ताम्हन.

हा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचा, मग मध्य प्रांतातला. १९५६ साली राज्यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा तो मध्य प्रदेशात राहिला आणि शेजारचे भंडारा-गोंदिया पुढे महाराष्ट्रात गेले. त्यामुळे शाळेत हिंदी, बाजारात पोवारी आणि गोंडी, घरात मराठी आणि बाबांच्या नकाशावर इंग्रजी. तीही दोन प्रकारची, उभी आणि तिरपी. कारखान्याच्या रेखाटनात तिरप्या अक्षराचा कलसुद्धा ठरलेला असतो, आडव्या रेषेशी ७५ अंश. बाबांना त्यासाठी कोनमापक लागत नसे. ट्रेसिंगच्या कागदावर शाईचं पेन टेकवलं की अक्षरं वाऱ्यावरच्या भाताच्या लोंब्यांसारखी एकाच बाजूला झुकलेली उतरायची. त्या कागदांवरून काढलेल्या प्रतींना अमोनियाचा वास असे. आजही कुठे तो उग्र वास आला की मला आधी बंजर नदीचं नाव आठवतं, मग नदी.

माझे मामा नागपूरला एका छापखान्यात जुळारी होते. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणारा तो जुळारी. हा शब्द आता समजावून सांगावा लागतो. उन्हाळ्यात ते आमच्याकडे येत तेव्हा बाबांच्या टेबलाशी तासन्‌तास उभे राहत. दोघांचा धंदा एकाच वस्तूचा, अक्षराचा, पण एकाचा शाईतला आणि दुसऱ्याचा शिशातला. एकदा खाणीच्या काठावर उभं राहून मामा बाबांना म्हणाले, "भाऊजी, तुमच्या या खड्ड्यात आमच्या खिळ्यांची आई आहे हो." बाबांना वाटलं, थट्टा. पण मामा खरं तेच सांगत होते.

खिळा शिशाचा असतो. कडकपणासाठी त्यात अँटिमनी आणि कथील. पण तो ओतायचा कशात? त्यासाठी आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरतात. कानशीने, भिंगाखाली, रेघ रेघ करत. हा पंच. तो तापवून, पाण्यात बुडवून टणक करतात आणि मऊ तांब्याच्या तुकड्यावर ठेवून वरून घाव घालतात. तांब्यात अक्षराचा खोल ठसा उमटतो. ठसा उमटलेल्या त्या तुकड्याला नाव आहे मातृका. त्या एका मातृकेतून हजारो खिळे ओतून निघतात, झिजतात, पुन्हा वितळतात. मातृका तशीच राहते. पोलाद फार कठीण, शिसं फार मऊ. घाव सोसून ठसा जसाच्या तसा जपायला तांबंच लागतं. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचं मराठी टाइप इतकं देखणं निघालं त्यामागे राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या पंच कोरणाऱ्याचा हात होता. आपण पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखक पाहतो, प्रकाशक पाहतो. कोरणारा दिसत नाही.

तांब्याचं आणि अक्षराचं नातं आमच्या जिल्ह्यात त्याहून जुनं आहे. वाकाटक राजा दुसरा पृथिवीषेण याचे, पाचव्या शतकातले ताम्रपट बालाघाटचे ताम्रपट म्हणूनच ओळखले जातात. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे लेख १९६३ साली एका खंडात आणले, त्यात तेही आहेत. त्या लेखात कोसल, मेकल आणि माळवा इथले राजे पृथिवीषेणाच्या वडिलांची, नरेंद्रसेनाची, आज्ञा मानत असं सांगितलं आहे. मेकल म्हणजे आमच्याच बाजूची डोंगररांग. लेख अपुरा आहे. वंशावळ सांगून पत्रे थांबतात; दान काय, कोणाला, ते कोरायचं राहूनच गेलं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते अक्षरांचं डोकं. वाकाटकांच्या लिपीत प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक चिमुकली चौकोनी पेटी असते, म्हणून तिला पेटिकाशीर्षक म्हणतात. रेघ नुसती सुरू होऊ नये, तिला एक उंबरठा असावा, ही त्यामागची हौस. रोमन अक्षराच्या टोकांना जी छोटी पावलं फुटलेली असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, तीही याच हौसेची. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभाच्या पायथ्याशी दगडात अशी अक्षरं कोरलेली आहेत, इसवी सन ११३ची. ती आधी ब्रशने रंगवून मग कोरली, म्हणून ती पावलं म्हणजे ब्रशने घेतलेलं वळण, असं एडवर्ड कॅटिच यांनी १९६८ साली एक अख्खं पुस्तक लिहून मांडलं. ते स्वतः पाटीवर अक्षरं रंगवणारे आणि दगडात कोरणारे होते, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला बाजूला सारता येत नाही.

मामांच्या छापखान्यात इंग्रजी खिळे ठेवायच्या केसी दोन तऱ्हेच्या होत्या. एकीत सरळ अक्षरं, दुसरीत तिरपी, इटॅलिक. मराठीला केसी पुष्कळ, घरं कितीतरी जास्त, पण तिरपी केस नव्हती. मी विचारलं तर मामा म्हणाले, "मराठी अक्षराला खुंटीवर टांगलंय. ते कशाला वाकतंय?"

तिरप्या अक्षराची जन्मकथा व्हेनिसची आहे. आल्दुस मानुतिउस हा विद्वान छापखानेवाला आणि फ्रांचेस्को ग्रिफो हा त्याचा पंच कोरणारा. १५०० साली एका पुस्तकातल्या चित्रात मोजके शब्द त्या नव्या अक्षरात आले आणि १५०१ साली व्हर्जिलचं आख्खं पुस्तक त्यात छापलं गेलं, हातात मावेल अशा लहान आकारात. अक्षर आलं कुठून? त्या काळच्या इटालियन पंडितांच्या आणि कारकुनांच्या घाईच्या हस्ताक्षरातून. जपून लिहिताना हात थांबतो, उचलतो, पुन्हा टेकतो. घाईत तो अक्षरातून अक्षरात वाहत जातो आणि उजवीकडे कलतो. ग्रिफोने ती घाई पोलादात कोरली. घाई कोरायला त्याला किती महिने लागले असतील, हा विचार मला नेहमी हसवतो.

आज आपण इटॅलिकला सरळ अक्षराची धाकटी बहीण समजतो, पण तेव्हा तसं नव्हतं. पुस्तकं सबंध त्याच अक्षरात निघत. कॅपिटलं मात्र ताठ, लहानशी, घरातल्या एखाद्या करारी आजोबांसारखी. कॅपिटलंही कलती झाली आणि सरळ व तिरपं एका पानावर नांदू लागलं ते त्याच शतकात पुढे. आल्दुसने त्या व्हर्जिलमध्ये फ्रांचेस्कोच्या हाताची छापून स्तुती केली, पण व्हेनिसच्या सरकारकडून त्या अक्षराचा एकाधिकार घेतला तो स्वतःच्या नावाने. दोघांचं फाटलं. ग्रिफो निघून गेला आणि दुसऱ्या छापखानेवाल्यासाठी नवं तिरपं टाइप कोरू लागला. जगाने अक्षराला ना याचं नाव दिलं ना त्याचं, देशाचं दिलं. इटलीत मात्र त्याला इटॅलिक म्हणत नाहीत. तिथे ते 'कोर्सिवो'. म्हणजे धावतं. हा शब्द नीट लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

जुन्या वळणाचं चांगलं सेरिफ इटॅलिक भिंगाखाली पाहिलं की कळतं, हे सरळ अक्षर ढकलून वाकवलेलं नाही. त्याचा घाटच वेगळा. लहान 'ए' सरळ टाइपात दुमजली असतो, इटॅलिकमध्ये एकमजली होतो. 'एफ'ला खाली शेपूट फुटतं. सरळ अक्षर दोन्ही पावलं रोवून उभं असतं. इटॅलिकची ती पावलं जाऊन तिथे आत येणारी आणि बाहेर जाणारी अशा दोन आकड्या येतात, जणू शेजारच्या अक्षराला हात देण्यासाठी. अंगाने ते चिंचोळं आणि रंगाने थोडं फिकं. म्हणून पानभर सरळ मजकुरात एक इटॅलिक शब्द आला की तो ओरडत नाही. ठळक टाइप लांबूनच दिसतो. इटॅलिक डोळा जवळ आल्यावर भेटतं. स्टॅन्ली मॉरिसन या इंग्रज जाणत्याने १९२६ साली लेख लिहून मागणी केली होती की या लाडिक आकड्या काढा, सरळ अक्षरच नुसतं तिरपं करा, ते जास्त शिस्तीचं. पण सहा वर्षांनी त्याच्याच देखरेखीखाली 'टाइम्स'चं टाइप झालं, तेव्हा त्याची जोडीदारीण आकड्यांची, वळणांचीच निघाली. हाताने डोक्याचं ऐकलं नाही, हे बरं झालं.

इटॅलिकचे उपयोग मी पुस्तकात शिकले नाही, कान्हाच्या एका पाटीवर शिकले. कान्हाचं जंगल आमच्या शेजारचं. शाळेची सहल दरवर्षी तिकडेच. तिथल्या कडक जमिनीवर राहणाऱ्या बारशिंग्याच्या पाटीवर इंग्रजीत खाली एक तिरपी ओळ: रुसर्व्हस डुवॉसेली ब्रँडेरी. शेवटचा शब्द डनबार ब्रँडर या वनाधिकाऱ्याच्या नावावरून. सालाच्या झाडावर पाटी, त्यावरही तिरपं: शोरिया रोबस्टा. प्राण्या-झाडांची शास्त्रीय नावं इटॅलिकमध्येच छापायची ही रीत. पुस्तकांची नावं, जहाजांची नावं, परक्या भाषेतला शब्द, मनातल्या मनात बोललेलं वाक्य, ही सगळी इंग्रजीत या तिरप्या ओसरीवर बसतात. परक्या शब्दाचं तर मला कायम विशेष वाटतं. इंग्रजी कादंबरीत आमची भाकरी आणि आमची आजी वर्षानुवर्षं तिरपी बसत आली, पाहुण्यासारखी. मराठीने टेबल, स्टेशन, डंपर, ब्लास्टिंग हे सगळे आल्या दिवशी सरळ करून पंगतीत बसवले. कोणाचं घर मोठं ते वाचकाने ठरवावं.

आणि जोर? इंग्रजीत 'मी केलं' या वाक्यातल्या 'मी'वर जोर द्यायचा तर तो शब्द तिरपा करावा लागतो, नाहीतर वाचणाऱ्याला आवाज ऐकू येत नाही. मराठीत 'मीच केलं'. झालं काम. 'मीही केलं', 'मी तर केलं', 'केलं मी': प्रत्येकाचा सूर निराळा आणि खिळा एकही तिरपा नाही. आपलं इटॅलिक जिभेवर आहे, एका अक्षराचं: च. इंग्रजी कथा मराठीत आणताना मूळ पानावर तिरपा शब्द दिसला की मी आधी 'च' घालून पाहते. दहातल्या आठ वेळा पुरतो. (उरलेल्या दोन वेळा शब्दांची जागा बदलावी लागते.) मराठीला तिरपी केस का नव्हती याचं मामांनी पूर्ण न दिलेलं उत्तर मला इथे अर्धं सापडलं.

अर्धंच. कारण संगणक आला आणि प्रत्येक मराठी माणसाच्या बोटाखाली ते तिरपं बटण आलं. काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या स्मरणिकेत माझा लेख होता. हातात अंक आला तर आख्खा लेख तिरपा. संपादकांना विचारलं, ते म्हणाले, "ललित आहे ना, म्हटलं जरा नाजूक दिसू दे." पहिलं पान वाचताना मान वाकडी झाली, दुसऱ्या पानावर डोकं दुखलं. माझंच लिखाण मला वाचवेना, हा दोष सगळा टाइपाचा होता असंही म्हणवत नाही, पण बराचसा होता.

त्या काळी संगणकावर सगळीकडे 'मंगल' हा फाँट. तो र. कृ. जोशींनी केलेला, सुलेखनकार, कवी, देवनागरीचं वळण नसानसांत भिनलेला माणूस. मंगलला साधं आणि ठळक अशी दोन रूपं, तिरपं नाहीच. बटण दाबलं की यंत्र ताठ अक्षराला नुसतं ढकलतं. शिरोरेघ आडवीच राहते आणि तिच्याखाली काने, उकार, वेलांट्या सगळे डावीकडे पाय ओढून लोंबतात. दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने एका अंगाला जावेत तसं. सतरा कपड्यांपर्यंत ठीक. सतराशे झाले की भोवळ येते.

पण दोष नुसता दोरीचा नाही, हे मला दोन बोरूंनी शिकवलं. एक बोरू इंग्रजी वळणाच्या कापाचा, दुसरा देवनागरीच्या. दोन्हींचे काप एकमेकांच्या उलट असतात. इंग्रजी बोरूची धार कागदावर डावीकडून खालून उजवीकडे वर टेकते. त्यामुळे उजवीकडे वर जाणारी रेघ बारीक येते आणि उजवीकडे उतरणारी जाड. देवनागरीचा बोरू नेमकी याउलट जाडी देतो. आता उभी रेघ उजवीकडे कलती करून पाहा. इंग्रजी बोरूने ती कलता कलता हलकी होते. इटॅलिक फिकं आणि नाजूक दिसतं ते यामुळे. देवनागरीच्या बोरूने तीच रेघ कलताना जड होत जाते. म्हणजे खऱ्या हाताने तिरपी केलेली देवनागरी नाजूक नव्हे, दणकट दिसली असती. यंत्राला बोरू ठाऊक नाही. ते कल देतं, पण कलण्याचं वजन देत नाही. अलीकडे तिरो देवनागरी मराठीसारख्या काही चांगल्या फाँटांना स्वतंत्र तिरपी जोडी मिळू लागली आहे. तिथे निदान कोणी डोळा लावून बसलं होतं, हे दिसतं. तरीही माझं मन तिथे स्थिरावत नाही, कारण घाईच्या हाताने लिहिलेली देवनागरी नुसती तिरपी होत नाही. ती मोडी होते.

मोडी म्हणजे आपलं कोर्सिवो. तो शब्द इथे लागणार होता. परंपरा तिचं श्रेय यादवांच्या हेमाडपंताला देते. बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, अक्षर लिहून वर रेघ मारायची. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिच्याखाली धावत न्यायची. ऱ्हस्व-दीर्घाची चैन नाही. एकच वेलांटी, एकच उकार. इटॅलिकमध्ये जसे अक्षरांचे घाट बदलतात, तसे इथेही बदलतात: वळसे गोल होतात, कोन झिजतात, काना पुढच्या अक्षराकडे वळून जातो. युरोपात सावकाशीचा हात आणि घाईचा हात छापखान्याने एका पानावर आणून बसवले. आपल्याकडे दोघांची घरं वेगळी राहिली. पोथी बाळबोध, दफ्तर मोडी. देव आणि पोरं एकीकडे, कारभारी आणि सावकार दुसरीकडे.

मोडीचे खिळे पडले नाहीत असं नाही. बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण देवनागरीत छापलं, पण १८१०चा मराठी शब्दकोश काढताना मोडीचे खिळे वापरले. त्याच छापखान्यातून, १८१५च्या सुमाराला, आमच्या नागपूरकर राघोजी भोसल्यांची वंशावळी मोडीत निघाली. तिथल्या कारागिरांची परंपरा पंचानन कर्मकारांची. लोहाराच्या घराण्यातला माणूस, ज्याने पंच कोरण्याची विद्या आपल्या जावयाला, मनोहरला दिली. म्हणजे पोलाद होतं, तांबं होतं, कोरणारे हात होते. नव्हती ती एकच कल्पना, की बाळबोध पुस्तकाच्या ओळीत मधेच एखादा शब्द मोडीत येऊ शकतो. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारातून मोडी काढून बाळबोध चालवायचं ठरवलं. शाळांतून ती रेंगाळली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला उठून गेली. मला मोडीचा फुकटचा उमाळा नाही. तिच्यातलं जुनं कर्जखत वाचताना जाणकारांचाही घाम निघतो आणि छापायला बाळबोध बरी हा निर्णय वाचकाच्या सोयीचाच होता. माझं म्हणणं एवढंच, की मराठी अक्षराला जोडीदारीण हवी असेल तर ती बटणात नाही, दफ्तरात आहे. २०१४च्या जूनमध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागाही मिळाली. पुस्तकाचं नाव, मनातलं वाक्य, पत्रातला मजकूर मोडीच्या वळणावरून बेतलेल्या, पण आजच्या वाचकाला ओळखू येईल अशा अक्षरात घालून एक पान तरी कोणी जुळवून बघावं. ग्रिफोनेही कारकुनाचं अक्षर जसंच्या तसं घेतलं नव्हतं, वाचता येईल इतकं सावकाश केलं होतं.

बाबा आता गोंदियाला असतात. मामा गेले, त्यांच्या छापखान्याचं शिसं त्यांच्या आधीच वजनावर गेलं. मलाजखंडला उघड्या खड्ड्याच्या खाली आता भुयारी खाण चालते आणि नकाशे संगणकावर निघतात. मागच्या दिवाळीत बाबांनी जुन्या नकाशाची एक छायाप्रत मला दिली. त्यावर सगळं जिथल्या तिथे: खाणीच्या पायऱ्या ताठ, नदी ७५ अंशांत. मी देवनागरी कापाचा बोरू घेतला आणि त्या इंग्रजी तिरप्या नावाच्या खाली मोडीत 'बंजर' लिहिलं. आधी रेघ ओढली, मग तिन्ही अक्षरं एका दमात. अनुस्वारासाठी तेवढा बोरू उचलावा लागला.